घसरणीचा हिशेब

मराठीत ‘घसरणे’ हे क्रियापद कोणी कौतुकाने वापरल्याचे मला आठवत नाही. पाय घसरतो, जीभ घसरते, अभिरुची घसरते, आणि निकालाची टक्केवारी घसरली की प्राचार्यांच्या दालनात मराठी विभागाला सर्वांत आधी बोलावणे येते. उलट ‘घट्ट’ हा शब्द सद्गुणांच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसलेला: मैत्री घट्ट, वीण घट्ट, मांड घट्ट. शब्दांच्या या वाटणीबद्दल पहिला संशय माझ्या मनात निर्माण केला तो कोणा समीक्षकाने नव्हे, एका गाडीच्या गिअरबॉक्सने. साहित्याच्या वाचकांपुढे गिअरबॉक्सचे कीर्तन लावणे हा थोडा आगाऊपणा आहे हे खरे. पण या यंत्राशी आमच्या घरातला एक न सुटलेला प्रश्न जोडला गेला आहे, आणि यंत्र समजून घेतल्याशिवाय तो प्रश्नही नीट मांडता येत नाही.

माझे वडील, अण्णा, एस.टी.त चालक होते. १९७५ साली लागले, २००८ साली निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षे त्यांनी कन्नडच्या औट्रम घाटातून चाळीसगाव-धुळ्याकडच्या गाड्या नेल्या. त्यांचा डावा गुडघा बदलावा लागला, त्याचे खापर ते एस.टी.च्या क्लचवर फोडतात. डॉक्टर यावर काही बोलत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस गाडी बंद होती. मग डॉक्टरांनी सांगितले, चालवायचीच असेल तर क्लच नसलेली चालवा. दौलताबादच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला आमचे थोडे शेत आहे, सीताफळाची आणि पेरूची झाडे आहेत, आणि तिथवर जाणारी वाट पावसाळ्यात वाट राहत नाही. म्हणून धाकट्या भावाने एक जुनी, दुसऱ्या मालकाकडची, ऑटोमॅटिक आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. पंचाहत्तरीच्या माणसाच्या हाती ती किल्ली द्यावी की नाही, यावर भावाचे आणि माझे मत जुळत नाही. अण्णांचे मत कोणी विचारले नव्हते. त्यांनी ते आपणहून दिले.

त्यांची तक्रार वयाची किंवा गुडघ्याची नव्हती. ती अशी होती: “या गाडीत इंजिन चाकाला कधी जोडलं जातं, तेच कळत नाही. अधांतरी वाटतं.”

आक्षेप अगदी नेमका होता. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. ती जुळली की जुळली, सुटली की सुटली, आणि जुळवण्या-सोडवण्याचा अधिकार चालकाच्या डाव्या पायाकडे असतो. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. आत समोरासमोर दोन पात्यांची चाके. एक इंजिनाला जोडलेले, दुसरे गिअरबॉक्सला. एकमेकांना ती स्पर्श करीत नाहीत. पहिले फिरले की तेल भिरभिरत दुसऱ्याच्या पात्यांवर आदळते आणि त्याला फिरवते. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरू लागली की वर तरंगणारा लोण्याचा गोळाही गोल फिरू लागतो, रवीने त्याला न शिवताच. तसाच हा प्रकार. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिनाकडचे चाक फिरत राहते, दुसरे थांबलेले असते, आणि मधले तेल दोघांचीही समजूत काढीत असते. म्हणून इंजिन बंद पडत नाही.

या दोन चाकांच्या मध्ये एक तिसरे, लहान चाक असते. परतणाऱ्या तेलाची दिशा ते अशी वळवते, की ते तेल इंजिनाला अडवण्याऐवजी मदतच करते. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ चाकांपर्यंत पोचेतो सुमारे दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक होतो. टॉर्कला आपल्या पाठ्यपुस्तकांतले शब्द जड आहेत. मला ‘पीळ’ बरा वाटतो. सुंभ जळाला तरी जो जात नाही तो. हा वाढीव पीळ मिळतो तो दोन चाकांच्या वेगात फरक असतो म्हणून, म्हणजेच घसरण असते म्हणून. वेग जवळजवळ सारखे झाले की वाढही संपते. जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर याने १९०५ साली याचे पेटंट घेतले ते मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. वाफेचे टर्बाइन फार वेगात फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोघांचा संसार जमवण्यासाठी त्याने मध्ये पाणी घातले.

मात्र वेग सारखे झाल्यावरही तेलातली थोडी घसरण उरतेच. सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगात, इंजिनाचे चाक शंभर फेरे घेते तेव्हा दुसरे दोन-चार फेऱ्यांनी मागे असते. ते फेरे तेलात जिरतात आणि त्यांची उष्णता होते. डिझेल जळाले, गाडी पुढे गेली नाही, तेल मात्र तापले.

इथे दौलताबादचीच एक कथा आठवणे अपरिहार्य आहे. जनार्दनस्वामी या किल्ल्याचे अधिकारी आणि एकनाथ त्यांचे शिष्य. हिशेबात एका पैचा मेळ बसेना म्हणून एकनाथ रात्रभर दिव्याखाली बसले आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने त्यांनी टाळी वाजवली, असे परंपरा सांगते. गुरूने त्यावर जे सुनावले ते पारमार्थिक आहे आणि वाचकांना ठाऊक आहे. मला मात्र त्या कथेत गुरूपेक्षा ती पै अधिक आवडते. ‘लॉक-अप’ची सारी हकिकत अशाच एका पैच्या शोधाची आहे. १९४९ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आपल्या ‘अल्ट्रामॅटिक’ गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरमध्येच एक क्लच बसवला. गाडी स्थिर वेगाला आली की ही प्लेट तेलाच्या दाबाने कन्व्हर्टरच्या कवचाला चिकटते, दोन्ही चाके एकजीव फिरू लागतात, घसरण शून्य. मात्र पेट्रोल स्वस्त होते तोवर बहुतेकांना या पैची फिकीर नव्हती. १९७३ च्या तेलसंकटानंतर हिशेबाच्या वह्या पुन्हा उघडल्या, १९७८ मध्ये क्रायस्लरने लॉक-अप पुन्हा आणले, आणि पुढे ते बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत रूढ झाले.

अण्णांना हे कोणी सांगितले नव्हते. दौलताबादचा घाट चढून कागजीपुऱ्याच्या पुढे रस्ता जरा मोकळा होतो. तिथे एका सकाळी भाऊ गाडी चालवीत होता, अण्णा शेजारी आणि मी मागे. वेग साठ-पासष्टच्या आसपास स्थिरावला, आणि अण्णा म्हणाले, “वरचा गिअर पडला.”

“नाही पडला. आधीच वरच्यात आहे.”

“मग आवाज का उतरला?”

भावाने काट्याकडे पाहिले. इंजिनाचे फेरे दोन-अडीचशेने खाली आले होते, गिअर तोच होता. मग अण्णांनी त्याला रेस तशीच धरून ब्रेकला नुसता पाय लावायला सांगितले. काटा लगेच वर गेला. ब्रेक सोडल्यावर काही क्षणांनी पुन्हा खाली आला. अण्णांनी मान डोलावली. लॉक-अप पकडल्याची ही चाचणी कसबी मिस्त्रीही अशीच करतात: ब्रेकच्या दिव्याचा संकेत मिळताच गाडीचा संगणक ती प्लेट सोडून देतो, कारण गाडी थांबू लागली आणि प्लेट चिकटलेलीच राहिली तर इंजिन बंद पडेल. तेहेतीस वर्षे डाव्या पायाने जे केले, ते दुसरे कोणीतरी करीत आहे आणि बऱ्यापैकी करीत आहे, एवढे त्यांना त्या सकाळी कळले. त्यांना त्याचा आनंद झाला की वाईट वाटले हे मागच्या सीटवरून मला दिसले नाही.

त्यानंतर ते या प्लेटच्या पाळतीवरच राहिले. डिसेंबरात सकाळी निघाले की पहिले काही किलोमीटर ती पकडतच नाही हे त्यांनीच ओळखले. (तेल पुरेसे तापेपर्यंत संगणक तिला परवानगी देत नाही.) रेस जोरात दाबली की सुटते, चढ लागला की सुटते, गिअर बदलताना बहुधा सुटते किंवा सैल होते. आमच्या गाडीत ती फक्त वरच्या गिअरांत पकडते. नव्या सहा-आठ गिअरांच्या गाड्यांत ती दुसऱ्या-तिसऱ्यापासूनच पकडू लागते.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत ‘लॉक’ या शब्दाने मोठाच घोटाळा केला आहे, तो इथे निस्तरायला हवा. पुढच्या आणि मागच्या चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारे एक लॉक असते, ते गिअरबॉक्सच्या पुढे, ट्रान्सफर केसमध्ये. काही गाड्यांत मागच्या डाव्या-उजव्या चाकांना बांधणारे आणखी एक असते. ही लॉके चालक स्वतः लावतो, तीही निसरड्या जमिनीवर. कोरड्या डांबरावर ती लावून वळण घेतले तर पुढच्या-मागच्या चाकांचे अंतर वेगळे पडते आणि मधले सारे दांडे पिळून निघतात. कन्व्हर्टरचे लॉक-अप यांच्या अगोदर, इंजिनाच्या पाठीला चिकटून असते आणि चालकाला विचारीत नाही. गंमत अशी की दोघांचा स्वभाव उलटा आहे. चिखलात पहिली लॉके लावायची असतात आणि नेमके तेव्हाच दुसरे उघडे असावे लागते. चिखलात चाक गरगरते आणि एकाएकी त्याला दगड सापडतो. त्या क्षणी चाक ते इंजिन सारे घट्ट बांधलेले असेल तर तो हिसका दांड्यांना, गिअरांना आणि इंजिनाला बसतो. मध्ये तेल असेल तर तेल तो गिळते. चाके घट्ट हवीत, म्हणून इंजिन सैल हवे.

आमच्या शेतवाटेवर हे दर पावसाळ्यात दिसते. काळी माती भिजली की टायरला लापशीसारखी चिकटते. भाऊ गाडी लो रेंजमध्ये टाकतो. वेग साधारण अडीचपट कमी आणि पीळ अडीचपट जास्त. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने, लॉक-अपचा प्रश्नच येत नाही. सारे काम तेलावर. एका पायाने रेस आणि दुसऱ्याने ब्रेक हलका धरून दगडावरून चाक इंच-इंच उतरवता येते, इंजिन कुरकुरत नाही, बंद पडत नाही. क्लचच्या गाडीत हे जमवायला अण्णांसारखा पाय लागतो.

पण घसरणीचा हिशेब चुकवावाच लागतो. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये पेरूच्या क्रेट भरून येताना गाडी चिखलात रुतली. पंधरा-वीस मिनिटे पुढे-मागे करण्यात गेली. चाके जवळजवळ थांबलेली आणि इंजिन जोरात, म्हणजे इंजिनाची जवळजवळ सारी शक्ती तेल तापवण्यात खर्च होत होती. समोर पिवळा दिवा लागला: गिअरबॉक्सचे तेल तापले. अण्णांचा हात किल्लीकडे गेला. गाडी तापली की बंद करायची ही जुनी शिस्त. भाऊ म्हणाला, “बंद नका करू अण्णा. पार्कमध्ये टाका आणि चालूच राहू द्या.” इंजिन चालू असेल तरच पंप तेल फिरवतो आणि कूलरमधून ते थंड होऊन येते, बंद केले तर तापलेले तेल तापलेल्या जागीच बसून राहते. किल्ल्याच्या काळ्या कड्याकडे पाहत आम्ही पावसात उभे होतो आणि गाडी काही न करता शांतपणे चालू होती. दिवा विझायला बराच वेळ लागला. रुतलेल्या गाडीत स्वस्थ बसून इंजिन चालू ठेवणे अण्णांना जड गेले असावे, पण त्यांनी ते केले.

खरा वाद मात्र उतारावरचा आहे, आणि तिथे अण्णांचे म्हणणे मला पटते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा नियम. उतारावर इंजिनच गाडीला मागे ओढते, ब्रेक तापत नाहीत. पण कन्व्हर्टरचे लॉक-अप उघडे असेल तर उतारावर चाकांकडचे चाक तेलातून इंजिनाला फिरवू पाहते, आणि ती पाती मुळात उलट कामासाठी वळवलेली असतात. त्यामुळे पकड ढिली लागते. गिअर खालचा असूनही गाडी सुटल्यासारखी वाटते. नव्या गाड्यांत संगणक उतार ओळखून खालच्या गिअरमध्येही लॉक-अप धरून ठेवतो, आणि मग इंजिनाचा ब्रेक नीट लागतो. आमची गाडी जुनी. लो रेंजमध्ये अडीचपटीमुळे ती शेतवाटेचा उतार व्यवस्थित धरते, पण लो रेंज डांबरी घाटात लावायची नसते. म्हणजे दिल्ली दरवाजाकडे उतरताना ब्रेकवर अधिक भिस्त ठेवणे आले. अण्णा पहिल्यांदा घाट उतरवून आले तेव्हा गाडीतून उतरल्यावर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चढताना ही माझी आहे. उतरताना नाही.” किल्ली त्यांच्याकडे नसावी हे माझे मत तेव्हापासून अधिक पक्के आहे, शेतवाटेवर त्यांच्या इतका चांगला हात कोणाचा नाही हे भावाचे मतही पक्के आहे. सध्याचा तह असा, की शेतात अण्णा, घाटात भाऊ. या तहावर अण्णांनी सही केलेली नाही.

वर्गात ओवी शिकवताना हे यंत्र मध्ये येऊ लागले आहे. अक्षरगणवृत्तात लघु-गुरू ठरलेले, एक मात्रा इकडची तिकडे झाली की वृत्तभंग. ग्रंथातली ओवी तशी नाही. पहिले तीन चरण अक्षरसंख्येत हवे तसे कमी-जास्त होतात, बोलण्याच्या लयीत सैल चालतात, आणि चरणाच्या शेवटी यमक येऊन त्यांना पकडते. चौथा चरण आखूड, आणि यमकातून सुटलेला. वाक्याचा विचार चढावर असेल तर चरण लांबतो, ओझे ओढतो, तुटत नाही. वृत्तांचा काटेकोरपणा मला प्रिय आहे, पण नऊ हजार ओव्यांचा तत्त्वविचार एखाद्या अक्षरगणवृत्तात नेला असता तर अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडले असते असे मला वाटते. ही तुलना फार ताणू नये. यमक प्रत्येक ओवीत पकडते, प्लेट पकडत नाही. एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, मग मुक्तछंद म्हणजे न्यूट्रल का?” त्याला मी उत्तर दिले नाही, गुण मात्र दिले असते.

हा विद्यार्थी सुट्टीत शेंद्र्याला कंत्राटी कामावर जातो. आमच्या बी.ए.च्या वर्गातली अनेक मुले शेंद्रा नाहीतर वाळूजला जातात, आणि ‘स्वयंचलित’ या एकाच शब्दाखाली किती वेगळी यंत्रे राहतात हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून गाड्यांची जुळणी होते, पुढे ऑडीच्याही होऊ लागल्या. तिथल्या कोडिॲकच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाहीच. तेलात बुडालेले दोन क्लच आळीपाळीने गिअर धरतात. ऑडीच्या क्यू-सेव्हनमध्ये मात्र आठ गिअर आणि कन्व्हर्टर. एकाच छपराखाली दोन संप्रदाय. नाशिकला बनणाऱ्या थारच्या २०२० च्या अवतारात सहा गिअरांचा कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक आला, आणि लो रेंजही तशीच राहिली; चिखलात जाणाऱ्यांनी तेलावर विश्वास ठेवला हे मला अर्थपूर्ण वाटते. घसरण अजिबात मान्य नसलेला एक राज्यकर्ता दौलताबादने १३२७ मध्ये पाहिला आहे. मुहम्मद तुघलकाने दिल्ली थेट देवगिरीला जोडली, मध्ये तेल ठेवले नाही. काही वर्षांतच सारे परत फिरले.

गेल्या वर्षी गाडी थरथरू लागली. साठच्या आसपास, हलक्या रेसवर, रस्त्यातल्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी दोन-तीन सेकंद खडखड, मग शांत. शहरातल्या एका गॅरेजने इंजिनाचे माउंटिंग बदलले. दुसऱ्याने टायरचा दोष सांगितला आणि टायरही विकले. थरथर तशीच. अण्णा म्हणाले, ती प्लेट पकडते तेव्हाच होते, आधी नाही आणि नंतर नाही. त्यांचे खरे निघाले. गिअरबॉक्सचे तेल जुने झाले की प्लेट सरळ चिकटत नाही, चिकटते-सुटते-चिकटते, थरथर त्याची. आधीच्या मालकाने ते तेल कधी बदललेच नसावे. निघाले ते जवळजवळ काळे होते आणि त्याला जळका वास होता. नवे लालसर असते. तेल बदलले आणि थरथर गेली. त्या मिस्त्रीने आणखी एक सांगितले, ते मी वहीत लिहून ठेवले आहे: आताच्या गाड्यांत लॉक-अप पकडल्यावरही ती प्लेट पुष्कळदा पूर्ण चिकटू देत नाहीत, थोड्या फेऱ्यांची घसरण मुद्दाम राखतात, म्हणजे इंजिनाची धडधड आत बसलेल्यांपर्यंत पोचत नाही. एका पैसाठी एवढा आटापिटा केल्यावर त्यातला अंश पुन्हा खर्ची घातला, आणि तोही हिशेबाने.

अण्णांनीही एक वही केली आहे. एस.टी.त लॉगशीट भरायची सवय. तारीख, किलोमीटर, तेल, डिझेल, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचा शेरा. परवा शेतावर गेले तेव्हा ती डॅशबोर्डवर होती. शेवटची नोंद अशी: “सकाळ गार. कागजीपुऱ्यापर्यंत पकडले नाही. पुढे ६२ ला पकडले. ब्रेकला सोडले. गाडी ठीक.” चालक या रकान्यात भावाचे नाव होते. अक्षर अण्णांचे, आणि ६२ चा आकडा शेजारच्या सीटवरून नीट दिसत नाही.